प्रश्न वाचकांचे : माफी कोणी मागायची आणि कशाची

गेल्या अंकात १४ ऑगस्ट या दिवसाविषयी एक छोटे टिपण छापले होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीसाठी आपल्या तळांवर डांबून ठेवलेल्या आणि ‘कम्फर्ट विमेन’ म्हणवल्या गेलेल्या स्त्रियांच्या स्मरणाचा हा दिवस दक्षिण कोरियात २०१८ पासून सरकारी पातळीवर पाळला जातो, एवढीच माहिती त्यात होती. त्यावर मुंबईतून आणि उपनगरांतून बरीच पत्रे आली. काही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने ते एकत्र केले आहेत.

गोरेगावच्या एक निवृत्त शिक्षिका लिहितात : जपानने माफीही मागितली आणि पैसेही दिले, असे मी वाचले आहे. ऐंशी वर्षे उलटून गेली. मग या वृद्ध स्त्रिया दर बुधवारी जपानी दूतावासासमोर जाऊन नेमके काय मागत राहिल्या? झाले गेले विसरून त्यांना शांतपणे जगू द्यावे, असे आमच्या वाचक मंडळात बहुतेकींचे मत पडले.

विसरल्यासारखे दाखवून जगण्याचा मार्ग त्यांच्यापैकी बहुतेकींनी जवळजवळ पन्नास वर्षे पत्करला होता. युद्धातून ज्या जिवंत राहिल्या, त्यांतल्या अनेकींना पुढे मूल झाले नाही, अनेकींनी लग्न केले नाही, काही जणी घरच्यांना तोंड कसे दाखवावे म्हणून गावी परतल्याच नाहीत, आणि ज्यांनी संसार केला त्यांनी हे नवऱ्याला आणि मुलांनाही कळू दिले नाही. हे मौन मोडायला जपानी सरकारचे एक विधान कारण झाले. जून १९९० मध्ये जपानच्या संसदेत सांगण्यात आले की या स्त्रियांना सैन्यासोबत नेण्याचे काम खाजगी व्यावसायिकांनी केले होते. हे खोटे सहन न होऊन, साठी केव्हाच ओलांडलेल्या किम हाक-सून १४ ऑगस्ट १९९१ रोजी सोलमध्ये पत्रकारांसमोर आल्या आणि सतराव्या वर्षी चीनमध्ये जपानी सैनिकांनी आपल्याला कसे पकडून नेले, हे त्यांनी स्वतःच्या नावानिशी सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी टोकियोच्या न्यायालयात दावा दाखल केला. डिसेंबर १९९७ मध्ये त्या वारल्या, तेव्हा तो प्रलंबितच होता. त्यांचे पाहून १९९२ मध्ये फिलिपिन्समध्ये मारिया रोझा हेन्सन आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या डच वंशाच्या यान रुफ-ओहर्न बोलल्या. पुढे तैवान, चीन, इंडोनेशिया येथूनही स्त्रिया पुढे आल्या.

सोलमधील जपानी दूतावासासमोरचे बुधवारचे धरणे ८ जानेवारी १९९२ रोजी सुरू झाले. त्यातील मागण्या पहिल्यापासून साध्या शब्दांत मांडलेल्या आहेत : हे सैन्याने आणि राज्यसंस्थेने केलेले गुन्हे होते हे जपान सरकारने मान्य करावे, सत्य शोधून जाहीर करावे, अधिकृत माफी मागावी, कायदेशीर जबाबदारी म्हणून भरपाई द्यावी, जबाबदार असणाऱ्यांना शिक्षा व्हावी, शालेय पुस्तकांत हा इतिहास यावा आणि स्मारक उभारले जावे. पैसा या यादीत आहे, परंतु तो ‘जबाबदारी म्हणून’ या शब्दांसह आहे, आणि सगळा वाद त्या शब्दांपाशी अडलेला आहे.

जपानने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ४ ऑगस्ट १९९३ रोजी मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव योहेई कोनो यांनी निवेदन काढून मान्य केले की या स्त्रियांना डांबून ठेवणारी केंद्रे उभारण्यात आणि चालवण्यात सैन्याचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहभाग होता आणि अनेक स्त्रियांना फसवून, दडपण आणून, इच्छेविरुद्ध नेण्यात आले होते. त्यानंतर १९९५ मध्ये आशियाई महिला निधी स्थापन झाला आणि प्रत्येकीला २० लाख येन व पंतप्रधानांचे पत्र देऊ करण्यात आले. मात्र ही ‘प्रायश्चित्ताची’ रक्कम जपानी नागरिकांच्या देणग्यांमधून उभी केलेली होती. वैद्यकीय मदतीसाठी सरकारने वेगळा पैसा दिला, पण कायदेशीर भरपाईचा प्रश्न १९६५ चा कोरियाशी झालेला करार आणि त्याआधीचे तह यांनी कायमचा मिटला आहे, ही आपली भूमिका सरकारने सोडली नाही. आपल्या इमारतीत एकाने दुसऱ्याचे घर जाळले, आणि ‘मी काही देणे लागत नाही, पण शेजाऱ्यांनी आपखुशीने वर्गणी काढली आहे, ती घ्या’ असे सांगितले, तर ज्याचे घर जळले त्याला काय वाटेल? कोरियातील बहुसंख्य स्त्रियांनी तो निधी नाकारला तो याच कारणाने. ज्यांनी घेतला त्यांना मी मुळीच दोष देणार नाही. आजारी, एकट्या आणि गरीब म्हातारीने औषधपाण्यासाठी पैसे घेतले म्हणजे तिने आपला दावा सोडला, असा अर्थ काढण्याचा अधिकार कोणालाही नाही.

२८ डिसेंबर २०१५ रोजी दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी पुन्हा एक समझोता जाहीर केला. या वेळी १०० कोटी येन जपानच्या सरकारी तिजोरीतून येणार होते, म्हणजे एक पाऊल पुढे पडले होते. पण प्रश्न आता ‘अंतिमतः आणि कधीही न फिरवता येईल अशा रीतीने’ सुटला असे त्यात लिहिले होते, धरणे धरणाऱ्यांनी दूतावासासमोर बसवलेला स्मरणाचा पुतळा हलवण्याची अपेक्षा होती, आणि ज्यांच्या आयुष्याचा हा प्रश्न त्या स्त्रियांना वाटाघाटींत विचारलेच नव्हते. तेव्हा हयात असलेल्यांपैकी बऱ्याच जणींनी रक्कम स्वीकारली, काहींनी ठाम नकार दिला, आणि त्यासाठी स्थापलेली संस्था पुढच्या काही वर्षांतच बरखास्त झाली.

तुमच्या मंडळातील मैत्रिणींना एवढेच सांगावेसे वाटते की या स्त्रियांना शांतपणे जगू द्यावे की नाही हे ठरवणाऱ्या आपण कोणी नव्हे. कोरियात सरकारदरबारी नोंद झालेल्या २४० जणींपैकी आज हयात असलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. त्या गेल्या की दावा संपला असे मानायचे ठरवले, तर गुन्हेगाराने नुसती वाट पाहणे पुरेसे ठरेल.

मुलुंडचे एक तरुण वाचक विचारतात : समाजमाध्यमांवर माझ्याशी वाद घालणाऱ्या एकाने लिहिले की सैन्याने बळजबरी केल्याचा एकही कागद नाही आणि या स्त्रिया पैशांसाठी स्वतःहून गेल्या होत्या. त्याला काय उत्तर द्यावे?

पहिली गोष्ट, ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीच्या सुमारास जपानी सैन्याने आपले कागद जाळण्याचे आदेश दिले होते. ज्याने दप्तर जाळले त्यानेच पुढे ‘कागद दाखवा’ म्हणावे, हा युक्तिवाद मनात ठेवून बाकीचे वाचावे. तरीही सगळे जळले नाही. इतिहासकार योशिआकी योशिमी यांनी जपानच्याच संरक्षण खात्याच्या ग्रंथालयातून स्त्रियांची भरती आणि केंद्रे यांवर सैन्याचे नियंत्रण दाखवणारी कागदपत्रे शोधून काढली आणि ती जानेवारी १९९२ मध्ये तेथील वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली. सरकारची भाषा बदलली ती त्यानंतर.

दुसरी गोष्ट म्हणजे न्यायालयीन पुरावा युद्धानंतर लगेचच उभा राहिला होता. १९४४ मध्ये जावा बेटावरील सेमारांग येथे नजरकैदेतील डच स्त्रियांना छावण्यांमधून काढून अशा केंद्रांत नेण्यात आले. १९४८ मध्ये बटाव्हिया, म्हणजे आजच्या जकार्ता येथे, डच लष्करी न्यायालयाने या प्रकरणी जपानी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले आणि त्यांतील एकाला देहदंड झाला. यान रुफ-ओहर्न याच प्रकरणातल्या. मात्र त्याच बेटावरच्या इंडोनेशियन स्त्रियांना, ज्यांची संख्या कितीतरी अधिक होती, अशी दाद मिळाली नाही. गोऱ्या स्त्रियांवरचा गुन्हा हा गुन्हा ठरला आणि सावळ्या स्त्रियांवरचा नोंदवलाही गेला नाही, ही गोष्ट आशियात राहणाऱ्या आपण तरी नजरेआड करू नये.

तिसरे असे की, तुमचे प्रतिवादी बहुधा अमेरिकी सैन्याच्या १९४४ च्या एका अहवालाचा आधार घेत असतील, कारण नाकारणाऱ्यांचा तो आवडता कागद आहे. उत्तर ब्रह्मदेशातील म्यिचिना पडल्यावर ऑगस्ट १९४४ मध्ये २० कोरियन स्त्रिया अमेरिकी सैन्याच्या हाती लागल्या, आणि त्यांची चौकशी आपल्या आसामात, लेडो येथील छावणीत झाली. अहवाल लिहिणाऱ्याने त्यांना तुच्छतेने वेश्या म्हटले आहे, हे खरे. पण त्याच अहवालात पुढे लिहिले आहे की १९४२ मध्ये दलालांनी कोरियात जाऊन कामाचे स्वरूप सांगितलेच नाही. जखमी सैनिकांची इस्पितळात शुश्रूषा करायची, पट्ट्या गुंडाळायच्या, भरपूर पगार मिळेल, कर्ज फिटेल, नव्या प्रदेशात सोपे काम, असे चित्र रंगवून मुलींना तयार केले. घरच्यांना काहीशे येन आगाऊ दिले आणि त्या रकमेत त्यांना बांधून घेतले. फसवून, कर्जात अडकवून, समुद्रापार रणांगणाजवळ नेऊन, जिथून निघून जाणे शक्य नाही अशा जागी ठेवणे याला गुलामगिरीच म्हणतात. आगाऊ रक्कम घेतलेल्या मजुराला मालक सोडत नाही तेव्हा आपला कायदा त्याला वेठबिगारी मानतो. इथे वेगळा न्याय का लावायचा?

संख्येबद्दल वाद घालू नका. अंदाज २० हजारांपासून दोन लाखांपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातात, आणि कागद जाळलेले असताना तो वाद कधीच मिटणार नाही. गुन्ह्याचे स्वरूप त्या आकड्यावर अवलंबून नाही.

गिरगावातील एक वाचक थोडक्यात विचारतात : या सगळ्याशी भारताचा संबंध काय?

लेडोचा उल्लेख वर आलाच. मार्च १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत अंदमान जपानच्या ताब्यात होते. मराठी घरांत अंदमान म्हटले की सेल्युलर जेल आणि काळे पाणी एवढेच आठवते, परंतु त्या वर्षांत पोर्ट ब्लेअरला अशी केंद्रे होती आणि बाहेरून आणलेल्या कोरियन स्त्रिया तिथे ठेवल्या होत्या. युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यातील भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे नावही या वादात वरचेवर घेतले जाते, कारण त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष मानले होते. त्यांच्या निकालपत्रातच जपानी सैनिकांनी अत्याचार केल्याचा पुरावा प्रचंड आहे, असे म्हटलेले आहे, आणि ते वाक्य मात्र कोणी सांगत नाही.

पण आपल्या सर्वांत जवळचा संबंध १९७१ चा आहे. २५ मार्च ते १६ डिसेंबर या काळात पाकिस्तानी सैन्याने आणि त्याच्या स्थानिक साथीदारांनी पूर्व बंगालमधील असंख्य स्त्रियांवर अत्याचार केले. त्यांतल्या कित्येकींना लष्करी छावण्यांत महिनोन्महिने कोंडले होते. एकूण आकडा दोन ते चार लाख सांगितला जातो. बांगलादेशच्या नव्या सरकारने डिसेंबर १९७१ मध्येच त्यांना ‘वीरांगना’ हा किताब दिला, पण गावांनी आणि घरांनी तो स्वीकारला नाही. मुक्तियोद्ध्या म्हणून त्यांची अधिकृत नोंद, आणि तिच्यासोबत मिळणारे निवृत्तिवेतन, यायला २०१५ उजाडले, आणि पहिल्या यादीत केवळ ४१ नावे होती. शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपली कहाणी उघडपणे सांगितली, तेव्हा सुशिक्षित मध्यमवर्गातून असे बोलणाऱ्या त्या जवळजवळ एकट्याच होत्या. १६ डिसेंबरला आपण विजय दिवस साजरा करतो. त्या दिवशीच्या भाषणांत या स्त्रियांचा उल्लेख मी क्वचितच ऐकला आहे.

चर्चगेट येथे कायद्याचे शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी विचारते : अशा गुन्ह्याला आजच्या कायद्यात शिक्षा आहे का, आणि दुसऱ्या देशाच्या सरकारवर खटला भरता येतो का?

शिक्षा आहे, आणि ती कायद्यात येण्यामागे या वृद्ध स्त्रियांच्या साक्षींचा मोठा वाटा आहे, असे माझे मत आहे. रुवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने सप्टेंबर १९९८ मध्ये अकायेसु खटल्यात बलात्कार हा वंशसंहाराचा भाग असू शकतो असा निर्णय दिला. त्या पीठावर दक्षिण आफ्रिकेच्या, भारतीय वंशाच्या नवनीतम पिल्ले होत्या. माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २००१ मध्ये बोस्नियातील फोचा येथील स्त्रियांना घरांत डांबून ठेवणाऱ्यांना गुलामगिरी आणि बलात्कार या दोन्ही मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवले. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या १९९८ च्या रोम करारात लैंगिक गुलामगिरीचा नावानिशी समावेश झाला. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. देशांतर्गत न्यायालयाचे उदाहरण हवे असेल तर ग्वाटेमालाचा सेपूर सार्को खटला अवश्य वाच : तळाजवळच्या मूळनिवासी केक्ची स्त्रियांना सैनिकांनी गुलामीत ठेवल्याबद्दल फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथल्याच न्यायालयाने दोन माजी लष्करी व्यक्तींना दीर्घ तुरुंगवास ठोठावला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून घडते आहे. जपानमध्ये लावलेल्या खटल्यांत या स्त्रिया शेवटी हरल्या. १९९८ मध्ये शिमोनोसेकी येथील न्यायालयाने तीन कोरियन स्त्रियांना प्रत्येकी तीन लाख येन देण्याचा आदेश दिला होता, पण वरच्या न्यायालयाने तो रद्द केला. एप्रिल २००७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने चिनी स्त्रियांचा दावा १९७२ च्या जपान-चीन संयुक्त निवेदनामुळे न्यायालयात मागता येत नाही, असे ठरवले. मग कोरियातील स्त्रिया स्वतःच्या देशातील न्यायालयात गेल्या. एका सार्वभौम राष्ट्रावर दुसऱ्या देशाच्या न्यायालयात खटला चालत नाही, हे जुने तत्त्व आडवे आले. तरीही जानेवारी २०२१ मध्ये सोलच्या जिल्हा न्यायालयाने १२ जणींच्या बाजूने निकाल दिला, त्यानंतर एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने नेमका उलटा निकाल दिला, आणि २३ नोव्हेंबर २०२३ रोजी सोल उच्च न्यायालयाने तो फिरवून प्रत्येक दाव्यासाठी २० कोटी वॉन मंजूर केले. जपानने ही कार्यवाही मान्यच केली नाही, त्यामुळे वसुलीचा प्रश्न शिल्लक आहे.

याखेरीज डिसेंबर २००० मध्ये टोकियोत भरलेले महिलांचे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण अभ्यास. ते कोणत्याही सरकारने नेमलेले नव्हते, त्याला शिक्षेचा अधिकार नव्हता. परंतु पत्रकार यायोरी मात्सुई यांच्यासारख्या जपानी स्त्रियांनी पुढाकार घेतला, उत्तर आणि दक्षिण कोरियाने एकत्र आरोपपत्र मांडले, साठहून अधिक पीडित स्त्रिया हजर राहिल्या आणि सम्राट हिरोहितो यांची जबाबदारी निश्चित करण्यात आली. टोकियोचा १९४६-४८ चा खटला जिथे गप्प राहिला, तिथे या स्त्रियांनी स्वतःचे निकालपत्र लिहून घेतले.

भांडुपच्या एका गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते लिहितात : आमचे मंडळ दर वर्षी सामाजिक विषयावर चलत् देखावा करते. यंदा हा विषय घ्यावा असे काही सभासदांनी सुचवले आहे. आपले मार्गदर्शन हवे.

विषय घ्यावा, असे मला मनापासून वाटते. पण अत्याचाराचा प्रसंग पुतळ्यांनी किंवा ध्वनिमुद्रित किंकाळ्यांनी दाखवू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. रांगेत लहान मुले उभी असतात म्हणूनच केवळ नव्हे. या स्त्रियांनी आयुष्याच्या शेवटी जे कमावले, म्हणजे सर्वांसमोर उभे राहून बोलण्याचे धैर्य, ते अशा देखाव्यात हरवते आणि पुन्हा एकदा फक्त त्यांचे शरीर उरते. सोलच्या धरण्याला १००० बुधवार पूर्ण झाले तेव्हा, १४ डिसेंबर २०११ रोजी बसवलेला पुतळा कसा आहे ते पाहा. पारंपरिक पोशाखातली एक अनवाणी मुलगी खुर्चीवर मुठी आवळून बसली आहे, तिच्या टाचा जमिनीला टेकलेल्या नाहीत, आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. त्यात हिंसेची एकही खूण नाही. मनिलात डिसेंबर २०१७ मध्ये उभारलेला अशाच स्मरणाचा पुतळा चारच महिन्यांत रातोरात हलवला गेला, यावरून अशा शांत पुतळ्याचीही किती धास्ती घेतली जाते ते कळेल.

देखाव्यात किम हाक-सून किंवा मारिया रोझा हेन्सन यांची नावे घेण्यास हरकत नाही, कारण ती त्यांनी स्वतः जाहीर केली. मात्र आपल्या वस्तीतील किंवा अलीकडच्या बातमीतील एखाद्या मुलीचे उदाहरण जोडायचा मोह झाला तर तो टाळावा. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी परिणाम भयंकर होतात. मार्च १९९२ मध्ये १९७१ च्या गुन्ह्यांविषयी ढाक्यात भरलेल्या लोकन्यायालयासाठी कुष्टियाच्या तीन गरीब स्त्रियांना आणण्यात आले. उद्देश चांगला होता, पण त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापली गेली आणि गावी परतल्यावर त्यांच्या वाट्याला टोमणे आणि बहिष्कार आला. कोरियातही मे २०२० मध्ये या पीडित स्त्रियांपैकीच एक असलेल्या ली योंग-सू यांनी, ज्यांनी २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली होती, आपल्याच बाजूने लढणाऱ्या संघटनेला जाहीरपणे विचारले की आमच्या नावाने जमलेल्या देणग्यांचे काय झाले. तेव्हा तुमच्या मंडळाने या देखाव्याच्या निमित्ताने वेगळी देणगीपेटी ठेवू नये, असेही सुचवतो.

संहितेसाठी साक्षींमधील उतारे मराठीत आणून ते मंडळातील वयस्क स्त्रियांच्या आवाजात वाचून घ्यावेत. दहिसर येथील ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८ पासून स्त्रियांच्या मौखिक इतिहासाचे ध्वनिमुद्रण आणि जतन करते. एखाद्या स्त्रीला तिची कहाणी कशी विचारावी, परवानगी कशी घ्यावी आणि कुठे थांबावे, हे तिथे जाऊन समजून घेण्यासारखे आहे. फलकांवर तारखा आणि आकडे लिहिणार असाल, तर संहिता छपाईला देण्यापूर्वी आमच्याकडे पाठवावी, म्हणजे आम्ही ती तपासून देऊ.